टिटवीला दिले तेवढे दिवस

खाडीकाठच्या एका गावात एक वल्हेकरी होता. गोष्ट जुनी आहे, पण तशी माणसं आता उरलीच नाहीत म्हणावं, इतकी जुनी नाही.

त्या गावाची एक बारा वल्ह्यांची होडी होती. तिचं नाव टिटवी. गावातल्या माणसांची नावं या गोष्टीत लागणार नाहीत, होडीचं मात्र लागेल. वर्षभर टिटवी नारळ, पेंढा आणि भाताची पोती घेऊन पलीकडच्या बाजाराला जाई. दसऱ्याला पैलतीरावरच्या गावाच्या होडीशी तिची शर्यत लागे. जे गाव जिंकेल त्याने पुढचं वर्षभर खाडीच्या तोंडाशी, जिथे मासा सगळ्यात जास्त मिळतो तिथे, जाळी लावायची, असा दोन्ही गावांचा ठराव होता.

आपला वल्हेकरी टिटवीच्या पहिल्या वल्ह्यावर बसे. होडी सुटताना पहिल्या वल्ह्याने हाक द्यायची असे. एक ते बारा मोजायचं, सूर लांबवून, एका दमात, अगदी मागच्या माणसाला वाऱ्यातही ऐकू जाईल असं. ‘बारा’ म्हटलं की बाराही वल्ही एकदम पाण्यात पडत. मध्ये श्वास घेतला तर ताल तुटे आणि होडी जागच्या जागी वाकडी होई. वल्हेकऱ्याची हाक सतरा वर्षांत एकदाही तुटली नव्हती.

भाद्रपदातल्या एका वादळी सकाळी टिटवी खडकावर आदळली. तळाच्या दोन फळ्या फुटल्या. गावातले पुरुष छातीभर पाण्यात उतरले आणि अर्धा दिवस खपून त्यांनी तिला काठाला आणलं. दोर सगळ्यात शेवटी सोडला तो वल्हेकऱ्याने. दुसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. त्या पाण्यामुळे भरली की भरायचीच होती, ते सांगता येत नाही. पण संध्याकाळपर्यंत अंग तव्यासारखं तापलं, बरगडीखाली कळ येऊ लागली आणि खोकल्यातून गंजाच्या रंगाचा कफ पडू लागला.

गावचा वैद्य फटकळ होता, पण त्याचा हात चांगला होता. त्याने वल्हेकऱ्याच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“फुप्फुसाचा ताप आहे,” तो म्हणाला. आज आपण त्याला न्यूमोनिया म्हणतो. “उजवी बाजू गच्च भरलीय.”

नऊ दिवस ताप होता. दहाव्या दिवशी उतरला. गावच्या रीतीप्रमाणे बायकोने कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवलं आणि नवऱ्याला आरोग्यस्नान घातलं. शेजारपाजारचे नारळ घेऊन आले. गावाच्या हिशेबी आजार तिथे संपला. आंघोळ झाली म्हणजे माणूस बरा झाला.

वैद्य मात्र ओट्यावर बसून होता. तो वल्हेकऱ्याला म्हणाला, “चूल विझली तरी राख ऊनच असते. तुझी छाती अजून तशी आहे. पडून राहू नकोस, तेही वाईट. उठून बस, खोल श्वास घे, आधी अंगणात चाल. मग पहिल्या माडापर्यंत. मग दुसऱ्या. आणि चालताना ती तुझी बाराची हाक दे. जिथे हाक तुटेल तिथून परत फिरायचं. दुसऱ्या दिवशी थकवा वाटला तर एक माड कमी करायचा. ज्या दिवशी चालता चालता एका दमात बारा येतील, त्या दिवशी वल्ह्याला हात लाव. त्याआधी नाही.”

“किती दिवस लागतील?”

“दीड महिना. दोनही लागतील.”

“दसरा वीस दिवसांवर आलाय, वैद्यबुवा.”

“दसरा दर वर्षी येतो,” वैद्य म्हणाला आणि उठून गेला.

वल्हेकऱ्याने अंगणात हाक देऊन पाहिली. पाचाला तुटली.

चौथ्या दिवशी तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. वयाने मोठा, आवाज त्याहून मोठा. तो ओट्यावर न बसता उभ्यानेच बोलला.

“ताप उतरला ना?”

“उतरला, मामा.”

“आंघोळ झाली ना?”

“झाली.”

“मग?”

या ‘मग’ला काय उत्तर द्यायचं? बाहेरून पाहिलं तर माणूस धड दिसत होता. हात होते, पाय होते, तोंडावर हसूही होतं. आत काय चाललंय ते दाखवायला छातीला खिडकी नसते.

तांडेलानंतर बाकीचे आले आणि प्रत्येकाने एकेक उपाय आणला. ज्यांना स्वतःच्या गाईचं दुखणं ओळखता येत नव्हतं, त्यांना वल्हेकऱ्याच्या फुप्फुसातलं सगळं कळत होतं. एक म्हणाला, “घाम काढ, कफ आपोआप निघेल.” दुसरा म्हणाला, “बसलं की अंगही बसतं. दोनशे बैठका मार.” तिसरा म्हणाला, “माझ्या काकाला याच्या दुप्पट ताप होता, तिसऱ्या दिवशी नांगर धरला त्याने.” तो काका पुढे किती दिवस जगला, ते कुणी विचारलं नाही.

वल्हेकरी माडाखालून चालू लागला की जाळी विणणारे मान वर न करता बोलत.

“निघाली स्वारी हवा खायला.”

“हळू चाल रे बाबा, वाळूला लागेल.”

“वहिनी, याच्याबरोबर एखादी उशी पाठवत जा!”

तो ऐकून घेई. हाक मनातल्या मनात देई, कारण मोठ्याने दिली आणि सहाला तुटली तर आणखी हसतील. इथेच पहिली चूक झाली. मनातल्या मनात दिलेली हाक कधी तुटत नाही.

त्या गावात एक रीत होती. एखादा वल्हेकरी वारला की त्याचं वल्हं त्याच्या दारापुढे वाळूत उलटं, पातं आभाळाकडे करून रोवत. तेराव्यापर्यंत ते तसंच राही. येणारा-जाणारा पाहून हात जोडी.

आंघोळीनंतरच्या सहाव्या दिवशी सकाळी बायकोने दार उघडलं, तर समोर वल्हं रोवलेलं होतं. पातं वर. दांड्यावर नवऱ्याची खूण कोरलेली होती.

ती क्षणभर घरात वळून पाहत राहिली. नवरा अंथरुणावर बसून पेज पीत होता. मग जाळ्यांच्या आडून हसण्याचा आवाज आला.

तिने दोन्ही हातांनी वल्हं उपटलं आणि ती तशीच काठावर गेली.

“कुणी केलं हे?”

तांडेल दोराला गाठ मारत होता. त्याने गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

“गंमत होती, वहिनी,” कुणीतरी म्हणालं. “तुम्ही फार मनाला लावून घेता.”

“हसायला आलं पाहिजे त्याला गंमत म्हणतात. मला आलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्या दारात रोवून बघू का, तुमच्या बायकोला येतं का ते?”

ते वल्हं कुणी रोवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. टिटवीवरच्या उरलेल्या अकरांपैकी कुणीतरी होता. आणि बाकीच्या दहांनी त्याचं नाव सांगितलं नाही, म्हणजे तेही होतेच.

घरी आल्यावर वल्हेकऱ्याने बायकोच्या हातातलं वल्हं घेतलं. त्याने ते भिंतीला टेकवलं नाही, मांडीवर धरून बसला.

“उद्या सरावाला जातो,” तो म्हणाला.

“हाक किती येते?”

“बारा.”

“मला देऊन दाखवा.”

त्याने पाठ फिरवली, खिडकीकडे तोंड केलं आणि हाक दिली. सातावर त्याने चोरून श्वास घेतला. खिडकीबाहेर माडांची सळसळ होती. बायकोला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिला विश्वास ठेवावासा वाटला. सतरा वर्षं न तुटलेली हाक घरातही खोटी ठरवायला जड जाते.

इकडे टिटवीचं काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. सुताराने तिच्या दोन फळ्या बदलल्या होत्या. सांध्यांत कापूस ठोकून वर राळ आणि तेल भरलं होतं. आणि नुकतीच तिला काठालगत, ओहोटीलाही गुडघाभर पाणी राहील अशा जागी बांधून ठेवली होती. कारण दुरुस्त केलेली होडी एकदम ओढायची नसते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. सुकलेल्या फळ्यांनी आधी पाणी प्यायला हवं. त्या फुगल्या की सांधे घट्ट बसतात. एक पंधरवडा नुसतं पाण्यात राहायचं आणि रोज आत झिरपलेलं पाणी उपसायचं. दुसरा पंधरवडा रिकामी होडी हळू हळू वल्हवायची. तिसरा अर्धा माल. मग पुढे. तांडेल रोज सकाळी स्वतः पाणी उपसायला येई. एकदा कुणी तिच्यात मासळीची पाटी ठेवली, तर तांडेलाने ती पाटी उचलून खाडीत फेकली होती. “आजारी आहे ती!” तो ओरडला होता. त्याने हाच शब्द वापरला होता.

म्हणून सराव गावच्या जुन्या होडीवर चाले. सातव्या दिवशी वल्हेकरी तिच्या पहिल्या वल्ह्यावर जाऊन बसला.

“आला रे आला!” सगळे ओरडले. तांडेलाने पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या बाजूला. “बघ, उगाच घाबरत होतास. सगळं मनावर असतं.”

हाक दिली. दोन श्वासांत. वाऱ्यात कुणाला कळलं नाही. वल्ह्याचे पहिले चाळीस हात झकास गेले. पन्नासाव्याला त्याच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. साठाव्याला समोरचा काठ काळा झाला. त्याने वल्हं सोडलं नाही, पण तो वल्ह्यावरच कोसळला. त्याच्या वल्ह्यात दुसरं अडकलं, दुसऱ्यात तिसरं, आणि होडी एका कुशीवर गेली. चौघे पाण्यात पडले. वल्हेकऱ्याला बाहेर काढला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते.

त्याला उचलून घरी नेताना वाटेत टिटवी लागली. ती पाण्यात शांत डुलत होती. वर सावलीसाठी माडाच्या झापांचं छप्पर केलेलं होतं.

ताप परत आला आणि या वेळी त्याने दोन्ही बाजू धरल्या. वैद्य घरी गेलाच नाही, ओट्यावरच झोपू लागला. आता प्रश्न पहिल्या वल्ह्याचा राहिला नव्हता. पुढचा श्वास येतो की नाही, एवढाच होता. बायको त्याला उशांवर टेकवून बसवी आणि त्याच्या बरगड्या मोजी, कारण प्रत्येक श्वासाला त्या मोजता येत होत्या.

दसऱ्याला चार दिवस उरले, तेव्हा काठावर बैठक बसली. बायको औषधाला समुद्रफेस आणायला तिकडून जात होती. तिच्या कानावर बोलणं आलं.

एक तरुण म्हणत होता, “तांडेलमामा, जुनी होडी जड आहे, तिच्यावर आपण हरणार. टिटवी काढू या. ठोकाठोक झालीय, वरून कोरडी ठाक आहे.”

“बारा दिवस झालेत तिला पाण्यात,” तांडेल म्हणाला. “पंधरवडासुद्धा भरला नाही.”

“शर्यतीपुरतीच हो!”

“शर्यत हरलो तरी चालेल. ताकद लावलीस की सांधे उघडतील. मग जन्माची बाद होईल ती.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी टिटवीला नाटकी म्हटलं नाही. कुणी म्हटलं नाही, की सगळं तिच्या मनावर आहे.

बायको बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“काढा ना टिटवी,” ती म्हणाली.

“तू यात पडू नकोस, पोरी,” तांडेल म्हणाला.

“का? राळ लावून झाली ना? फळ्या बसल्या ना? मग?”

तांडेलाला स्वतःचा ‘मग’ ओळखू आला. त्याने मान खाली घातली, पण हार मानायची त्याला सवय नव्हती. “होडी लाकडाची असते. माणसाचं वेगळं. माणसाला मन असतं. मनाने घेतलं तर माणूस डोंगर उचलतो.”

“मन वल्हं मारत नाही, मामा. छाती मारते. आणि मनाचं म्हणाल तर ते तुम्हीच दारात उलटं रोवून ठेवलंत.” तिचा आवाज चढला. “ज्या दिवशी हिच्या दोन फळ्या फुटल्या, त्याच दिवशी तोही पाण्यात होता. दोर शेवटी त्याने सोडला. हिला तुम्ही सावली केलीत, हिच्यातलं पाणी रोज उपसता, हिच्यात पाटी ठेवली तर फेकून देता. त्याला काय दिलंत? सात दिवस! लाकडाला पंधरवड्यावर पंधरवडे, आणि माणसाला सात दिवस! तेही टोमणे मारत!”

ती गेली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गाव एका भाषणाने सुधारत नाही. दसऱ्याला जुन्या होडीवर शर्यत झाली आणि गाव हरलं. खाडीच्या तोंडाची जागा वर्षभरासाठी गेली. संध्याकाळी सोनं वाटताना लोक काय म्हणाले असतील? “पहिलं वल्हं नव्हतं म्हणून हरलो. ऐन वेळी अंथरूण धरलं त्याने.” आजारी पाडलं यांनी, आणि वर दोषही त्याचाच! असलं ऐकलं की सांगणाऱ्याचंही रक्त तापतं.

तेव्हा तांडेल पुढे आला. हातातली आपट्याची पानं त्याने खाली ठेवली.

“हरलो ते माझ्यामुळे,” तो म्हणाला. “वैद्याने दीड महिना सांगितला होता. मी ऐकला होता. थांबलो असतो तर निदान पुढच्या वर्षी पहिलं वल्हं नक्की मिळालं असतं. आता ते मिळेल की नाही, देव जाणे. पुन्हा कुणी त्याचं नाव घेऊ नका.”

दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी वल्हेकऱ्याचा ताप उतरला. या वेळी बायकोने आरोग्यस्नान घातलं नाही. तांब्याभर गरम पाण्याने अंग पुसून घेतलं आणि म्हणाली, “आंघोळ नंतर. अजून बरे झाला नाहीत.”

हाक तिनाला तुटली.

आठ दिवस तो अंगणातच होता. पहिल्या माडापर्यंत पोचायला आणखी पाच दिवस लागले. आता तो हाक मोठ्याने देई. चार. पाच. पुन्हा चार. एकदा आठापर्यंत गेला, त्या आनंदात दोन माड जास्त चालला आणि दुसऱ्या दिवशी उठवेना. वैद्य ओरडला. तो दोन माड मागे आला आणि तिथून पुन्हा सुरुवात केली.

जाळी विणणारे आताही मान वर करत नसत, पण बोलतही नसत. हाक कुठे तुटते तिकडे मात्र सगळ्यांचे कान असत. एके दिवशी कुणीतरी पुटपुटलं, “नऊ,” आणि विणणाऱ्यांचे हात क्षणभर थांबले.

तिकडे टिटवीचा पाण्यातला पंधरवडा भरला. रिकाम्या होडीचा भरला. अर्ध्या मालाचाही भरला. आत पाण्याचा थेंब येईना. बाजाराचे लोक कुरकुर करू लागले.

“तांडेल, टिटवी तयार आहे. आता कशाची वाट बघतोस? पूर्ण माल भर आणि सोड.”

तांडेलाने होडीच्या तळाला हात लावून पाहिला.

“एक सांधा अजून बसायचाय,” तो म्हणाला.

“कुठला?”

तांडेल वाळूकडे पाहत होता. तिथे माडाखालून एक माणूस हळूहळू चालत येत होता, हात मागे बांधून, मोठ्याने मोजत. दहा आलं. अकरा आलं. अकराला तुटलं. माणूस थांबला, हसला आणि परत फिरला. पूर्वी खिडकीपाशी घेतला होता, तसा अकराला चोरून श्वास घेता आला असता. या वेळी सगळं गाव ऐकत होतं, तरी त्याने तो घेतला नाही.

“अकरा झाले,” तांडेल म्हणाला. “मग घाई काय?”

आणखी सहा दिवसांनी हाक पूर्ण आली. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग पैलतीरावरून कुत्रं भुंकलं, म्हणजे हाक तिथपर्यंत पोचली होती.

त्या दिवशी बायकोने कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवलं. तांडेल वल्हेकऱ्याचं वल्हं स्वतः घेऊन आला. त्याने ते कुठेही रोवलं नाही. दोन्ही हातांवर आडवं धरून वल्हेकऱ्यापुढे केलं आणि म्हणाला, “आज वीस हात. एकविसावा मारलास तर मी तुला पाण्यात फेकीन.”

“वीसच?” वल्हेकरी हसला.

“टिटवीलाही पहिल्या दिवशी वीसच दिले होते,” तांडेल म्हणाला.

वल्हेकऱ्याने बरोबर वीस हात मारले आणि वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं ठेवलं. पुढच्या दसऱ्याला गाव जिंकलं की हरलं, ते या गोष्टीत महत्त्वाचं नाही. पहिल्या वल्ह्यावर तो होता.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. मोडलेल्या लाकडाला जितके दिवस देता, तितके आजारातून उठलेल्या माणसाला द्या. आणि द्यायचे नसतील, तर निदान त्याच्या दारात उलटं वल्हं तरी रोवू नका.